गिअरबॉक्स का गेला, हे डोंगरावर कधी कळणार?

प्रति,
मा. सचिव, केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय, नवी दिल्ली
मा. महासंचालक, राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था, चेन्नई
मा. महासंचालक, महाऊर्जा, पुणे

सप्रेम नमस्कार.

मी पाटण तालुक्यातला फिटर. आयटीआय करून २००२ च्या दिवाळीनंतर वनकुसवड्याच्या पठारावर हेल्पर म्हणून लागलो. तेव्हा पठारावर एकामागून एक टॉवर उभे राहत होते, आणि आम्हा गाववाल्यांना वाटत होतं की कोयनेच्या धरणानंतर आपल्या मुलखात आलेलं हे दुसरं मोठं काम. पुढं चाळकेवाडी झाली, सांगलीकडं ढालगाव झालं, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला दोन हंगाम काढले आणि परत इथंच आलो. नासेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या डोक्यावरच्या त्या डब्यात, किती काळ गेला याचा हिशेब मी केलेला नाही. गिअरबॉक्सच्या आवाजावरून त्याची तब्येत सांगता यावी इतका नक्कीच गेला.

हे पत्र तुम्हा तिघांना एकत्र लिहितोय, कारण मागणी एकच आहे आणि तिघांनी मिळून ठरवल्याशिवाय ती पुरी होणार नाही. आपल्या देशात पवनचक्कीचा गिअरबॉक्स, जनरेटर किंवा मुख्य बेअरिंग गेलं की ते का गेलं, याची एक राष्ट्रीय नोंदवही ठेवा. ती सक्तीची करा. आणि ती खुली ठेवा.

मार्च २०२५ अखेर देशातली पवनऊर्जेची क्षमता ५० गिगावॅटच्या पुढं गेली. जगात आपण चौथे आहोत. ही बातमी मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली, कारण त्या आकड्यात माझ्या हातानं बोल्ट आवळलेली मशीनंही आहेत. पण तो आकडा उभ्या मशीनचा आहे. ऐन आषाढात ब्रेक लावून उभं असलेलं मशीनही त्यात धरलेलं असतं.

आषाढच का म्हणतो ते सांगतो. सह्याद्रीवरच्या पवनचक्कीचं खरं वर्ष जून ते सप्टेंबर एवढंच. वर्षभरातली बहुतेक वीज नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात तयार होते. उरलेले आठ महिने म्हणजे कधी वारा, कधी नुसती झुळूक. त्यामुळं गिअरबॉक्स जानेवारीत गेला तर काही आठवड्यांचं नुकसान. जूनमध्ये गेला तर अख्खं वर्ष पाण्यात. पावसाळ्यात मोठी क्रेन डोंगरावर चढत नाही, लाल मातीच्या रस्त्यात रुतते. आणि चढली तरी उपयोग नाही, कारण वारा सेकंदाला आठ-दहा मीटरच्या वर गेला की तिनं भार उचलायचा नसतो. ज्या वाऱ्यासाठी पवनचक्की उभी केली, त्याच वाऱ्यात ती दुरुस्त करता येत नाही.

साधारण २००९ सालची गोष्ट. साइटचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, कारण असंच थोड्याफार फरकानं सगळीकडं पाहिलंय. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका मशीनचा आवाज बदलला. बेअरिंगचा आवाज बदलतो तो अचानक नाही; आधी एक बारीक घरघर येते, जणू जात्यात एखादा खडा सापडलाय. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सच्या अंगाला आणि मूठ कानाला लावली की ती स्पष्ट ऐकू यायची. मी खाली येऊन साहेबांना म्हणालो, "साहेब, हाय स्पीड शाफ्टचं बेअरिंग बोलायला लागलंय. आत्ता थांबवलं तर वरच्या वर बदलता येईल, क्रेन लागणार नाही." (हाय स्पीड शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्समधला जनरेटरकडचा, वेगानं फिरणारा दांडा.) साहेब माणूस चांगला. त्यांनी वर फोन केला, मेल टाकला. उत्तर आलं: हंगाम आहे, चालू ठेवा, लक्ष ठेवा. आम्ही लक्ष ठेवलं. जुलैच्या मध्यावर बेअरिंगचा पिंजरा फुटला, तुकडे दातांत गेले आणि एका बेअरिंगचं काम अख्ख्या गिअरबॉक्सवर गेलं. मशीन जानेवारीपर्यंत उभं राहिलं. रोज सकाळी जीपमधून जाताना आजूबाजूची सगळी मशीनं फिरताना दिसायची आणि हे एक निश्चल.

पण मला त्या दिवसाबद्दल तक्रार करायची नाही. निर्णय चुकू शकतो. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. तो गिअरबॉक्स जानेवारीत उतरवला, ट्रेलरवर चढवून कुठल्या तरी वर्कशॉपला नेला. तिथं तो उघडला असणार, कुणीतरी फोटो काढले असणार, अहवाल लिहिला असणार. तो अहवाल डोंगरावर परत आला नाही. बेअरिंग का गेलं? तेलात पाणी होतं? जनरेटरचं अलाइनमेंट हललं होतं? बेअरिंगचीच निवड चुकली होती? आम्ही विचारलं तेव्हा कळलं की तो गोपनीय असतो. त्याच्या जागी दुरुस्त केलेला दुसरा गिअरबॉक्स बसवला. तिसऱ्या वर्षी त्याच शाफ्टचं तेच बेअरिंग पुन्हा बोलायला लागलं.

हे वाचणाऱ्या सर्वांना नासेलची आतली रचना माहीत असेल असं नाही, म्हणून थोडं सांगतो. सहाशे किलोवॅटचं मशीन घ्या. त्याची पाती मिनिटाला साधारण २० फेरे घेतात. जनरेटरला मात्र मिनिटाला १,५०० फेरे लागतात. मधला गिअरबॉक्स हा वेग सुमारे ७५ पटीनं वाढवतो. पूर्ण भार असताना पात्यांच्या बाजूच्या शाफ्टवर पडणारा पीळ एवढा असतो, की जणू एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला २९ टन वजन टांगलंय. जनरेटरच्या बाजूला तोच पीळ चारशे किलोच्या आत येतो. म्हणजे एका टोकाला प्रचंड जोर आणि संथ चाल, दुसऱ्या टोकाला कमी जोर आणि भन्नाट वेग. दोन्ही एकाच पेटीत, एकाच तेलात. मशीन वर्षाला ५,००० तास चाललं तर २० वर्षांत १ लाख तास होतात. मोटारगाडी ताशी ५० किलोमीटरच्या वेगानं इतके तास चालवली तर ५० लाख किलोमीटर होतील. एवढी अपेक्षा आपण त्या पेटीकडून करतो, तीही साठ-सत्तर मीटर उंचीवर, पावसात आणि धुक्यात.

ही अपेक्षा जगात बऱ्याच ठिकाणी पुरी झाली नाही. गिअरबॉक्स वीस वर्षांसाठी बनवलेले, पण त्याच्या कितीतरी आधी जायला लागले. तेव्हा अमेरिकेत काय झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथल्या नॅशनल रिन्यूएबल एनर्जी लॅबोरेटरीनं २००७ मध्ये गिअरबॉक्सच्या भरवशासाठी एक सामायिक प्रकल्प सुरू केला. पवनचक्की बनवणारे, गिअरबॉक्स बनवणारे, बेअरिंगवाले, तेलवाले आणि मशीनचे मालक एका टेबलाशी बसवले. साडेसातशे किलोवॅटचे दोन गिअरबॉक्स घेतले, त्यांच्या पोटात सेन्सर बसवले, प्रयोगशाळेत फिरवले आणि त्यातला एक खऱ्या वाऱ्यात टॉवरवर चढवला. तिथं त्यातलं तेल गेलं आणि दात खराब झाले. त्यांनी ते लपवलं नाही. तो गिअरबॉक्स खाली आणून सगळ्यांसमोर उघडला आणि काय दिसलं ते प्रसिद्ध केलं.

सुरुवातीलाच त्यांनी एक गोष्ट मांडली होती, ती वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही. बरेचसे बिघाड दातांपासून सुरू होत नाहीत, बेअरिंगपासून सुरू होतात. आणि हे कुणा एका कंपनीच्या किंवा एका मॉडेलच्या निष्काळजीपणामुळं घडत नाही, सगळीकडं घडतं. नंतर त्यांनी अनेक मालकांकडून नोंदी गोळा केल्या, तेव्हाही गिअरबॉक्सच्या दहा बिघाडांपैकी सात-आठ बेअरिंगचे निघाले, आणि त्यात हाय स्पीड शाफ्टचं बेअरिंग सगळ्यात पुढं. म्हणजे २००९ साली मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून जे ऐकत होतो, तेच तिकडं हजारो मैलांवर लोक मोजत होते. फरक एवढाच की त्यांचं मोजलेलं सगळ्यांना मिळालं.

आपल्याकडची कारणं मात्र त्यांच्या नोंदीत सापडणार नाहीत, कारण आपला डोंगर वेगळा आहे. सह्याद्रीचा पश्चिम कडा म्हणजे भिंत. कोकणातून आलेला वारा त्या भिंतीवर आपटून वर उसळतो आणि पठाराच्या काठावरच्या मशीनला खालून येऊन भिडतो. पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात वाऱ्याचा असा चढ ८ अंशांपर्यंत धरलेला असतो. कड्याच्या अगदी टोकावर उभं राहून ज्यानं कधी टोपी सांभाळली असेल त्याला विचारा, वारा कुठून येतो ते. खालून आलेल्या वाऱ्यानं पात्यांवर एकसारखा जोर येत नाही. वरचं पातं एक ओढतं, खालचं दुसरं. पिळाबरोबर शाफ्टला वाकही येतो, आणि तो वाक पुढच्या मुख्य बेअरिंगमधून निसटून गिअरबॉक्समध्ये शिरतो. मग प्लॅनेटरीमधल्या, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या, तीन चाकांनी वाटून घ्यायचा भार एकावर जास्त पडतो. एकाच साइटवर काठाला असलेली मशीनं आणि चारशे मीटर आत असलेली मशीनं वेगळी वागतात, हे आमच्यातल्या प्रत्येक जुन्या टेक्निशियनला माहीत आहे. काठावरच्या मशीनला काय होतं हे आम्ही जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना सांगतो. कागदावर ते कुठंच नाही.

दुसरं कारण वायरींचं. हे जरा सविस्तर लिहितो, कारण याकडं कुणी बघत नाही. पावसाळ्यात डोंगरावरच्या तारा वरचेवर जातात. वीज पडते, झाड पडतं, इन्सुलेटर फुटतो. फीडर, म्हणजे मशीनची वीज वाहून नेणारी लाइन, ट्रिप झाला की जनरेटरवरचा भार क्षणात नाहीसा होतो, पण वारा थांबलेला नसतो. पाती सुटतात, वेग वाढतो. जुन्या मशीनमध्ये पात्यांची टोकं वळतात आणि हाय स्पीड शाफ्टवरचा डिस्क ब्रेक बसतो. मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरणारा शाफ्ट असा आवळला की दात एका बाजूनं सुटून दुसऱ्या बाजूवर आपटतात, परत सुटतात, परत आपटतात. टॉवरच्या तळाशी कंट्रोलरजवळ उभं असलो तरी टॉवरमधून तो धक्का पायाला जाणवतो. अशा एका रात्रीत फीडर पाच वेळा गेला तर पाच वेळा हे होतं. मशीन बंद का पडलं या रकान्यात मात्र "ग्रिड फेल्युअर" एवढंच लिहिलं जातं, आणि तीन महिन्यांनी बेअरिंग गेलं की त्याचं खातं वेगळं असतं. या दोन खात्यांची गाठ कधी कुणी घातलेली मी तरी पाहिलेली नाही. महावितरणकडं फीडरच्या ट्रिपिंगची तारीखवार नोंद असते. मशीनच्या कंट्रोलरमध्ये ब्रेक किती वेळा बसला ते असतं. दोन्ही एका कागदावर आले तर गिअरबॉक्सच्या आयुष्याबद्दल बरंच काही कळेल.

उभं राहिलेलं मशीनही सुरक्षित नसतं, हे लोकांना खरं वाटत नाही. लाइन आठवडाभर गेली आणि ब्रेक लावून मशीन ठेवलं तर वाऱ्यानं पाती किंचित मागं-पुढं डुलत राहतात. त्या डुलण्यानं दात आणि रोलर एकाच जागी घासले जातात, तेलाचा पापुद्रा निघून जातो आणि तिथं खुणा पडतात. म्हणून ब्रेक सोडून मोकळं, हळूहळू फिरत ठेवणं बरं. हे मला चौदा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. तामिळनाडूतून आलेल्या एका वयस्क टेक्निशियननं सांगितलं, तेही चहा पिता पिता. त्या आधी आम्ही किती मशीनं ब्रेक लावून ठेवली असतील, आठवलं की जीव हळहळतो.

पावसाचं पाणी हे आणखी एक. गिअरबॉक्सच्या ब्रीदरमध्ये, म्हणजे हवा आत-बाहेर करणाऱ्या तोंडात, सिलिका जेलचे दाणे असतात, ते आत जाणाऱ्या हवेतला ओलावा शोषतात. आमच्याकडच्या धुक्यात ते बघता बघता निळ्याचे गुलाबी होतात. वेळापत्रकात बदलण्याची तारीख सहा महिन्यांनी असते, कारण ते वेळापत्रक कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेलं. तेलात पाणी गेलं की बेअरिंगचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं, हे कुठलाही तेलवाला सांगेल. मूठभर दाण्यांची ही गोष्ट.

आता जनरेटर. नव्या मोठ्या मशीनमध्ये जनरेटरच्या रोटरलाही कार्बन ब्रशमधून वीज दिली जाते आणि मागं इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर असतो. त्या कन्व्हर्टरमुळं शाफ्टवर व्होल्टेज तयार होतं आणि त्याला वाट हवी असते. अर्थिंगचा छोटा ब्रश नीट टेकलेला असेल तर तो प्रवाह तिथून निघून जातो. ब्रश झिजला किंवा त्याच्यावर तेलकट काजळी बसली, की तो बेअरिंगमधून जातो. रोलर आणि रेस, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात ते कडं, यांच्या मध्ये बारीक बारीक ठिणग्या पडतात आणि रेसवर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा उमटतात. असं बेअरिंग मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला ते नक्षीकाम वाटलं होतं. नंतर कळलं, हे बोटभर ब्रशाचं काम. एका साइटवर आम्ही तीन जनरेटरांची बेअरिंगं ग्रीस कमी पडलं म्हणून बदलली, आणखी ग्रीस भरलं, आणि ती पुन्हा गेली. कारण चुकीचं धरलं होतं. शेजारच्या डोंगरावरच्या दुसऱ्या कंपनीच्या पोरांना ते आधीच माहीत होतं. त्यांनी आम्हाला सांगायला हवं होतं असं नाही. त्यांना सांगायची मुभाच नव्हती.

गिअरबॉक्सच नको, थेट फिरणारा मोठा जनरेटर घ्या, असं म्हणणारेही आहेत, आणि अशी मशीनं आपल्या राज्यात पूर्वीपासून आहेत. त्यांचं सुख वेगळं, दुखणं वेगळं. गिअरबॉक्सचं तेल गेलं, पण जनरेटरचं वजन आणि इलेक्ट्रॉनिक्सची गुंतागुंत आली. कुठलं आपल्या वाऱ्याला आणि आपल्या तारांना जास्त मानवतं, हे कळायलाही ती नोंदवहीच लागेल. नाहीतर जाहिरातीवर ठरेल.

नोंदवहीचं उदाहरण शोधायला फार लांब जायची गरज नाही. जर्मनीनं १९८९ साली पवनचक्क्यांना सरकारी मदत द्यायला सुरुवात केली तेव्हा एक अट घातली: मदत घेणाऱ्यानं प्रत्येक दुरुस्तीचा आणि बिघाडाचा फॉर्म भरून द्यायचा. २००६ पर्यंत दीड हजारांच्या आसपास मशीनांचे ६४,००० अहवाल जमले. त्यातून जे निघालं ते आजही जगभर वापरलं जातं. बिघाडांच्या संख्येत तीन चतुर्थांश किरकोळ असतात, पण मशीन बंद राहण्याच्या वेळेतला त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. उरलेले एक चतुर्थांश मोठे बिघाड ९५ टक्के वेळ खातात. साधा कागदी फॉर्म होता तो. शेतकऱ्याच्या शेतात उभं असलेलं एकच मशीन असलं तरी भरायचा.

आपण काय केलं? आपणही मदत दिली. पवनचक्की घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा मिळायचा, म्हणजे कराच्या हिशेबात किमतीचा एवढा भाग उत्पन्नातून वजा करता यायचा. त्यामुळं ज्यांना विजेशी काही देणंघेणं नव्हतं, अशांनीही मशीनं घेतली. घ्यायला हरकत नाही, त्या पैशानंच डोंगरावर रस्ते झाले आणि माझ्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. पण त्या बदल्यात एक फॉर्म मागितला असता तर? आज आपल्याकडं पाव शतकाचा साठा असता, आणि तो आपल्या वाऱ्याचा, आपल्या पावसाचा, आपल्या तारांचा असता.

ती वेळ गेली, तरी आता दोन संधी समोर आहेत आणि त्या तुमच्या हातात आहेत. पहिली म्हणजे मंत्रालयाची मंजूर मॉडेलांची यादी. जुलै २०२५ मध्ये तुम्ही तिचे नियम बदलले. पाती, टॉवर, गिअरबॉक्स, जनरेटर आणि विशेष बेअरिंगं मंजूर यादीतूनच घ्यायची असं ठरवलं, आणि मशीनांचा डेटा देशातच ठेवायची अट घातली. चांगलं केलंत. आता त्याच अटींत एक वाक्य वाढवा: या पाच गोष्टींपैकी कुठलीही मुदतीआधी बदलावी लागली तर तिचा अहवाल राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडं नव्वद दिवसांत गेला पाहिजे, आणि अहवाल न देणाऱ्याचं मॉडेल यादीत राहणार नाही. देशातला गिअरबॉक्स आणि देशातलं बेअरिंग घ्यायचं म्हणता, तर ते देशातल्या डोंगरावर कसं टिकतंय हे बनवणाऱ्याला कळायला नको का? तो सुधारणार कसा?

दुसरी संधी डिसेंबर २०२३ च्या धोरणाची, जुन्या मशीनांच्या जागी नवी उभारायची किंवा त्यांचं आयुष्य वाढवायचं, असं जे धोरण आहे त्याची. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्याच अंदाजानं दोन मेगावॅटच्या आतल्या अशा जुन्या मशीनांची जागा घेणारी क्षमता २५ गिगावॅटच्या पुढं आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत आपल्या डोंगरांवरून हजारो गिअरबॉक्स खाली उतरणार. ते भंगारात जातील, टनाच्या भावानं. महाशय, तो पंचवीस वर्षांचा अभ्यास आहे, आणि तो वितळवून टाकायला निघालाय. प्रत्येक गिअरबॉक्स उघडा असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक साइटवरचे काही, काठावरचे आणि आतले, चांगले चाललेले आणि लवकर गेलेले, निवडून उघडले तर दात आणि रेस स्वतःच सांगतील काय झालं ते. कराडला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सांगलीला वालचंद आहे. दोन्हीकडं यंत्रशास्त्र शिकणारी पोरं आहेत, जी गिअर फक्त पुस्तकातल्या आकृतीत बघतात. राज्याच्या महाऊर्जानं एक शेड, एक ओव्हरहेड क्रेन आणि एक मायक्रोस्कोप दिला तरी सुरुवात होईल.

मायक्रोस्कोप म्हणतो त्याला कारण आहे. हाय स्पीड बेअरिंगमध्ये एक प्रकारची भेग पडते, जी डोळ्याला साधी चीर वाटते. तो पोलादाचा तुकडा घासून, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की भेगेच्या कडेनं पांढरा पट्टा दिसतो. असं बेअरिंग हिशेबातल्या आयुष्याच्या पाव भागातही जाऊ शकतं. ती का पडते यावर जगातल्या शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कुणी तेलाला दोष देतं, कुणी घसरणाऱ्या रोलरला, कुणी विजेच्या प्रवाहाला. या चर्चेत सह्याद्रीवरची किती बेअरिंगं कुणी तपासली असतील?

यावर काय उत्तर येईल ते मला माहीत आहे. कंपन्या म्हणतील, हा व्यापारी गुपिताचा प्रश्न आहे. बिघाड जाहीर झाला तर बाजारात नाव खराब होईल. ही भीती खोटी नाही, मी ती समजू शकतो. म्हणून मालकाचं आणि साइटचं नाव झाका. पण मॉडेल, किती तास चाललं, कुठलं बेअरिंग, कुठल्या बाजूचं, तेल कुठलं, आधीच्या सहा महिन्यांत ब्रेक किती वेळा बसला, एवढं उघडं राहू द्या. रेल्वेचा मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात, आणि तो आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतो. गाडी कुणाची होती यापेक्षा रूळ का तुटला हे कळणं महत्त्वाचं, असं आपण तिथं मानतो. इथं माणसं गाडीत बसलेली नसतात हे खरं.

पण माणसं असतात. ही बाब मी शेवटी लिहितोय, ती कमी महत्त्वाची आहे म्हणून नाही. लिहायला जड जातं म्हणून. गिअरबॉक्स लवकर गेला की कुणाला तरी वर जावं लागतं. पावसात, ओल्या शिडीवरून, पाठीवर हत्यारांची पिशवी घेऊन. सील फुटलेल्या गिअरबॉक्सचं तेल नासेलभर पसरलेलं असतं. माझ्याबरोबर हेल्पर म्हणून लागलेला एक मित्र त्याच तेलावरून घसरला. बेल्ट लावलेला होता म्हणून वाचला, पण त्याचा खांदा पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही आणि शिडी कायमची बंद झाली. त्या मशीनचा सील वर्षात तिसऱ्यांदा गेला होता. तिसऱ्यांदा का गेला, हे शोधायला कुणाकडं वेळ नव्हता. बदलायला मात्र दर वेळी होता.

म्हणून नोंदवहीत एक रकाना आमचाही असू द्या. मशीनवर पहिल्यांदा आवाज ऐकला कुणी, कधी, आणि त्यानं काय सांगितलं. तो मराठीत लिहिता आला पाहिजे, तमिळमध्ये, गुजरातीत, कन्नडमध्ये लिहिता आला पाहिजे, कारण वर चढणारी पोरं इंग्रजीत घरघर आणि खडखड यांतला फरक सांगू शकत नाहीत. आणि त्या पोरांपर्यंत अहवाल परत आला पाहिजे. वर्कशॉपमध्ये काय दिसलं याचा एक पानी कागद, फोटोसकट, त्याच साइटच्या ऑफिसात लागला पाहिजे.

हंगामाच्या बाबतीतही एक छोटी गोष्ट. एप्रिलमध्येच, पाऊस यायच्या आधी, प्रत्येक गिअरबॉक्सच्या तेलाची तपासणी आणि आत बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पाहणी सक्तीची करा, आणि त्या जिल्ह्यातल्या सगळ्या मालकांनी मिळून काही तयार बेअरिंग संच आणि एखाद-दुसरा गिअरबॉक्स डोंगराच्या पायथ्याशी ठेवावा. एका मालकाला हे परवडत नाही. सातारा, सांगली, धुळे, नंदुरबार मिळून परवडेल. महाऊर्जानं बैठक बोलावली तरी पुरे.

माझ्याकडं २००४ पासूनच्या वह्या आहेत. लाल पुठ्ठ्याच्या, दुकानात हिशेबाला वापरतात तशा. कुठल्या मशीनवर काय ऐकलं, काय बदललं, वर काय दिसलं, तेलाचा रंग कसा होता, त्या महिन्यात लाइन किती वेळा गेली, असं जमेल तसं लिहीत गेलो. काही पानांवर ग्रीसचे डाग आहेत, दोन वह्या पावसात भिजल्यात पण वाचता येतात. माझ्या ओळखीतल्या आणखी चार-पाच जणांकडंही अशा वह्या आहेत. कंपनीनं मागितल्या नव्हत्या, म्हणून कुणी विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणीही माणूस पाठवा, मी त्या हातात देईन आणि प्रत्येक नोंदीपुढं बसून समजावून सांगेन. येत्या एप्रिलच्या आत आला तर बरं होईल. जूनमध्ये मी वर असेन.

आपला नम्र,
पाटण तालुक्यातला एक पवनचक्की टेक्निशियन